पंचवीस जूनच्या रात्री खोलीत कोण कोण होतं?

या आठवड्याचं पत्र मुंबईहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका असं कळवलंय. पत्र थोडं कापून देते आहे.

"माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. कापडगिरणीत, माग चालतात त्या साचेखात्यात होते. दर वर्षी २५ जूनला रात्रीची जेवणं झाली की ते १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या फायनलची गोष्ट सांगतात. आमची लालबागची चाळ, तिसऱ्या मजल्यावर बँकेत नोकरीला असलेल्यांच्या घरचा शटरचा टीव्ही, दारापर्यंत माणसं, आणि बाराच्या सुमाराला फुटलेले फटाके. ही गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो. गेल्या वर्षी बोलता बोलता ते म्हणाले, 'आणि त्याच्या आदल्या शनिवारी कपिलच्या १७५, त्या पण तिथंच बसून बघितल्या.' माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याने फोन काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'आजोबा, ती मॅच कुणीच टीव्हीवर बघितलेली नाही. तिचं शूटिंगच नाहीये.' पाहुणे हसले. बाबा 'असेल' म्हणाले आणि आत जाऊन पडले. तेव्हापासून ते क्रिकेटबद्दल बोलत नाहीत, मॅच लावली की उठून जातात. मुलालाही वाईट वाटतंय, पण तो विचारतो, मी खोटं काय बोललो? आई यावर काहीच म्हणत नाही. ती तशीही बाबांची गोष्ट सुरू झाली की भांडी आवरायला उठायची. आता पुन्हा २५ जून आली. आम्ही काय करावं?"

ताई,

तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे, हे आधी सांगून टाकते. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सच्या मैदानावर झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे १७ धावांत पाच गडी गेले होते. तिथून कपिल देवने नाबाद १७५ केल्या, किरमाणीने शेवटपर्यंत साथ दिली, आणि नवव्या विकेटसाठी दोघांनी १२६ धावांची भागी केली. बीबीसीचे कॅमेरे त्या दिवशी त्या मैदानावर नव्हतेच. त्यामुळे त्या खेळीचे फोटो आहेत, धावफलक आहे, हलतं चित्र मात्र नाही. बाबांनी ती टीव्हीवर पाहिलेली असणं शक्य नाही, आणि हे बाबांपाशी गोलगोल बोलून झाकू नका. ज्यांनी आयुष्यभर यंत्रावर काम केलं त्यांना समजूत घातलेली लगेच कळते.

पण बाबा खोटं बोलले नाहीत. मुलाला हा फरक समजावून सांगा, कारण पंधराव्या वर्षी तो आपोआप कळत नाही.

त्या १७५ धावांची हकीगत बाबांनी गेल्या चाळीस वर्षांत किती वेळा वाचली, ऐकली असेल! शिवाय २०२१ च्या डिसेंबरात त्या विश्वचषकावरचा '८३' हा सिनेमा आला आणि त्यात ती खेळी पडद्यावर उभी केली गेली. बाबांनी तो सिनेमा पाहिला आहे का, विचारा. पाहिला असेल, तर डोळ्यांनी पाहिलेलं चित्र त्यांच्याकडे आहेच की. फक्त ते तिसऱ्या मजल्यावरच्या शटरच्या टीव्हीत जाऊन बसलंय. त्यांच्या मनात या सगळ्याला बसायला जागा एकच होती, ती खोली.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्यावर बेतलेलं आहे.

१९८३ साली मी अकरा वर्षांची होते. आम्ही पुण्यात वाड्यात राहायचो. त्या फायनलमधलं एक दृश्य माझ्यापाशी लख्ख आहे. मदनलालचा चेंडू, वेस्ट इंडीजच्या रिचर्ड्सने तो उंच उडवला, कपिल पाठमोरा होऊन धावतोय, धावतोय, आणि झेल. त्या क्षणी आमचे नाना, म्हणजे माझे वडील, दाराच्या चौकटीला टेकून उभे आहेत. एक हात कडीवर, चेहऱ्यावर हसू. नाना गेल्यावर त्यांची आठवण काढताना मी कितीदा तरी हे सांगितलं. चार वर्षांपूर्वी एका लग्नात सांगत होते, तर थोरला भाऊ म्हणाला, "अगं, नाना कुठे होते त्या रात्री? ते रातपाळीला होते."

नाना छापखान्यात होते आणि त्या शनिवारी त्यांची रातपाळी होती. मी भावाशी भांडले. रात्रभर मला झोप नव्हती. झेल राहू दे, पण नाना? माझ्याजवळच्या सगळ्या नानांमधले सगळ्यात आनंदात असलेले नाना तेच होते. दुसऱ्या दिवशी भावाने स्वतःहून फोन केला. म्हणाला, "नाना दारात उभे होते हे खरंय. पण सकाळी. रविवारी सकाळी ते पेपर घेऊन आले, आत यायच्या आधी दारातच उभं राहून आपल्याला बातमी वाचून दाखवली. अंगठ्याची शाई पेपरच्या कडेला लागली होती. तू उठून बसली होतीस अंथरुणात."

अंगठ्याची शाई! ती मी पार विसरले होते. भावाने माझी चूक काढली, आणि त्या चुकीच्या खालून ही शाई निघाली. तुमच्या मुलाने चूक काढली तेव्हा पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पाहुणे हसले आणि विषय संपला. बाबांना लागलं ते दुरुस्तीचं नसावं, त्या हसण्याचं असावं.

आता बाबांच्या त्या रात्रीकडे जरा नीट बघूया. तुम्ही पत्रात 'साचेखात्यात होते' एवढंच लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. म्हणजे २५ जून १९८३ ला त्याला सतरा महिने होऊन गेले होते. कुणी गावी निघून गेलं होतं, कुणी मिळेल ते काम धरत होतं, कुणाच्या घरात वाणी उधार देईनासा झाला होता. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो नुसता विरत गेला. तुमचे बाबा तेव्हा अडतीस वर्षांचे असतील. पदरी तुम्ही. भोंगा वाजत नाही, पाळी नाही, पगार नाही.

आणि त्या शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला लॉर्ड्सवर खेळ सुरू झाला. साठ षटकांचा सामना असायचा तेव्हा. भारत १८३ वर बाद. श्रीकांतच्या ३८ सर्वांत जास्त, आपल्या शिवाजी पार्कच्या संदीप पाटीलच्या २७, गावसकर २ वर गेलेला. समोर वेस्ट इंडीज, १९७५ आणि १९७९ चे दोन्ही विश्वचषक जिंकलेले. चाळीतली निम्मी माणसं तेव्हाच उठून गेली असतील, असं मला वाटतं. मग बलविंदरसिंग संधूचा तो आत आलेला चेंडू. ग्रीनिजने बॅट वर उचलून सोडून दिला आणि दांडी गेली. रिचर्ड्सने २८ चेंडूंत ३३ मारून काळजाचं पाणी केलं, मग तो झेल. दुजाँ आणि मार्शल जमले, ते मोहिंदर अमरनाथने फोडले. शेवटी मोहिंदरनेच होल्डिंगला पायचीत केलं. १४० वर सगळे बाद, ४३ धावांनी जिंकलो. आपल्याकडे तोवर मध्यरात्र होत आली होती.

सतरा महिने जिथे कुठल्याच बाजूने बरी बातमी आली नाही, तिथे ही आली. त्या रात्री बाबा जिंकलेल्यांच्या बाजूला होते. म्हणून ते दर वर्षी त्या खोलीत परत जातात आणि तुम्हा सगळ्यांना सोबत नेतात, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. हे बाबांनी कधी बोलून दाखवलंय का? तुमच्या पत्रात तरी ते आलेलं नाही. गोष्टीत टीव्ही आहे, फटाके आहेत, संपाचा शब्दही नाही.

तेव्हा यंदा असं करा.

मुलाला माफी मागायला लावू नका. त्याने गुन्हा केलेला नाही, आणि सांगून मागितलेल्या माफीने दोघंही अवघडतील. त्याने आजोबांकडे एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन जावं आणि म्हणावं, "आजोबा, ती खोली काढून दाखवा ना. टीव्ही कुठे होता, मोरी कुठे, तुम्ही कुठे बसला होतात, तुमच्या बाजूला कोण?" चाळीतली खोली दहा बाय बाराची असणार. तिच्यात पंचवीस-तीस माणसं कशी बसली हे त्याला खरंच कळणार नाही, तेव्हा प्रश्न आपोआप सुचतील. लहान मुलं कुठे? कॉटखाली? बायका गॅलरीत? अँटेना धरायला गच्चीवर कोण गेलं होतं, आणि रिचर्ड्स बाद झाला हे त्याला कुणी ओरडून सांगितलं? हे फोनमध्ये कुठेच नाही. या एका बाबतीत आजोबा हाच शेवटचा दाखला आहे, हे मुलाच्या लक्षात येऊ द्या. तुम्ही सांगू नका, येऊ द्या.

बाबा लगेच बोलतीलच असं नाही. 'आता काय आठवतंय' म्हणून कागद बाजूला सारतील कदाचित. मग मुलाने स्वतःची सांगावी. २९ जून २०२४ त्याची आहे. बार्बाडोसला टी-२० विश्वचषकाच्या फायनलमध्ये सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला. आत उडवला, दोरीपलीकडे पाऊल, परत आत येऊन पकडला. त्या क्षणी तुमचा मुलगा कुठे बसला होता, घरात कोण किंचाळलं? पुढे ४ जुलैला संघाच्या स्वागताला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला होता, तेव्हा तो तिकडे गेला होता का? फोन न बघता सांग म्हणावं. दोन वर्षांतच किती कडा पुसट झाल्यात ते त्याचं त्यालाच दिसेल. ते दिसलं की आजोबांची त्रेचाळीस वर्षांपूर्वीची रात्र तो वेगळ्या कानांनी ऐकेल.

आणि फोन अगदीच लपवू नका. मुलाच्या हातात तो आहे, त्याला शोधायची आवड आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्याला २५ जूनचं आणखी काही शोधून आजोबांसाठी घेऊन जाऊ दे. एक मीच देते. २५ जून १९३२. लॉर्ड्सच, आणि वार शनिवारच! त्या दिवशी त्याच मैदानावर भारत पहिलावहिला कसोटी सामना खेळायला उतरला. कप्तान नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू. महंमद निसारने सुरुवातीलाच दोघांच्या दांड्या उडवल्या, एक धावबाद, आणि इंग्लंड ३ बाद १९. यष्ट्यांमागे होते जनार्दन नवले, आपल्या पुण्याजवळच्या फुलगावचे. भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळले तेही हेच नवले, सलामीला येऊन. सामना आपण १५८ धावांनी हरलो. तेव्हा फुलगावात बसून ते कुणाला बघता आलं नसणार. एकावन्न वर्षांनी त्याच तारखेला, त्याच वारी, लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर तुमच्या बाबांना ते मैदान दिसलं. हे त्यांना नातवाकडून कळू दे. गेल्या वर्षी नातवाने त्यांच्या गोष्टीतलं काहीतरी काढून घेतलं, यंदा त्यात घालू दे.

आता आईंबद्दल.

तुम्ही त्यांच्यावर दोनच वाक्यं लिहिली आहेत. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. गोष्ट सुरू झाली की भांडी आवरायला उठतात. दर वर्षी? इतकी वर्षं? ताई, त्या रात्री चहा कुणी केला हे तुम्ही कधी विचारलंत का? सतरा महिने पगार नसलेल्या घरात साखर कुठून आली, रॉकेल कुठून आलं? संपाच्या दिवसांत गिरणगावातल्या कितीतरी घरांचा गाडा बायकांनी ओढला. खानावळी चालवून, भाकऱ्या थापून, अंगावरचं गहाण टाकून. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ याच खानावळवाल्या बायकांचं. तुमच्या आईंनी नेमकं काय केलं ते त्याच सांगू शकतील. कदाचित त्यांची ती रात्र आनंदाची असेल आणि त्यांना नुसताच क्रिकेटचा कंटाळा असेल. कदाचित त्या रात्री उद्याच्या पिठाची चिंता असताना खाली फटाके वाजत होते, आणि तो आवाज त्यांना अजून सहन होत नसेल. मी अंदाज बांधत नाही, तुम्हीही बांधू नका. विचारा. पण बाबांसमोर नको, पाहुण्यांसमोर तर नकोच. दोघी असताना, भाजी निवडता निवडता. "आई, त्या रात्री तू कुठे होतीस?" एवढंच. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारू नका. त्यांना द्यायचं तेव्हा त्या देतील.

आणि त्यांचीही २५ जून असू शकते. संगीतकार मदनमोहन यांचा जन्म याच तारखेचा, १९२४ सालचा, बगदादमधला. लताबाई त्यांना मदनभैया म्हणायच्या. 'अनपढ' १९६२ चा, 'वो कौन थी' १९६४ चा. तुमच्या आई तेव्हा शाळकरी वयाच्या असतील, ती गाणी त्यांच्या कानांवरून नक्की गेली असतील. सकाळी स्वयंपाकघरात हळू आवाजात लावून ठेवा. वाढदिवसासारखा गाजावाजा नको. त्या गुणगुणल्या तर ठीक, नाही गुणगुणल्या तरी दिवसाची सुरुवात त्यांच्यापासून झालेली असेल. पुढे रात्री बाबांची गोष्ट निघालीच तर दोन्ही टोकं जोडणारा एक धागाही आहे. विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून खेळाडूंना प्रत्येकी एक लाख रुपये मिळाले.

तुमचं काय? तुम्ही वय लिहिलेलं नाही. पन्नाशीच्या आसपास असाल तर २००९ ची २५ जून आठवत असेल, मायकेल जॅक्सन गेला तो दिवस. आपल्याकडे बातमी २६ च्या पहाटे आली. १९९६ च्या १ नोव्हेंबरला तो अंधेरीला येऊन गाऊन गेला होता, तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल. तुमची आठवणही त्या रात्री मांडा, मुलाला ऐकू दे की आईलाही वेड होतं. १९७५ च्या २५ जूनची रात्र आणीबाणीची. ती निघाली तर बाबांकडे बरंच असेल, पण ते त्यांच्या मर्जीवर सोडा.

पाहुण्यांना यंदा बोलावू नका. पुढच्या वर्षी बोलवा. यंदा घरातलीच माणसं असू देत, आणि कुणी हसलं तर ते बाबांसोबत हसावं.

एक शेवटचं. १७५ चा विषय बाबांनी स्वतः काढला आणि "मी चुकलो होतो रे" असं म्हणाले, तर मुलाने पटकन "नाही नाही आजोबा" म्हणू नये. "मग तुम्हाला ती मॅच कशी कळली होती?" असं विचारावं. पेपरात वाचली असेल, नाक्यावर कुणी सांगितली असेल, गिरणीच्या बंद फाटकापाशी सगळे उभे असताना कानावर आली असेल. त्या आठवड्यात संपावरच्या माणसाकडे रविवारचा पेपर कुणाचा असायचा, हेही मला जाणून घ्यायला आवडेल.

आणि २५ तारखेला रात्री जेवणं झाली की भांडी मुलाला घासू द्या. आईंना बाहेर बसवा.